क्रूस म्हणून किमोचा त्रास लपवू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावची, मेथॉडिस्ट मंडळीतली. माझी कॅन्सरची किमो चालू होती तेव्हा भेटायला येणारी आपली माणसं हमखास म्हणायची, "हा तुझा क्रूस आहे गं, सोस." म्हणजे देवानं दिलेलं दुःख, गुमान सोसायचं. मनापासून म्हणायची, प्रार्थना करायची, म्हणून मी कुणाला उलट बोलले नाही. पण ओळखीतली एक बाई हेच मनात धरून ताप अंगावर काढत बसली आणि शेवटी आयसीयूत गेली, म्हणून हे पत्र.

किमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशाच, पण केसांची मुळं, तोंडातली नाजूक कातडी, आतडी, हाडांतला मगज ह्यांच्या पेशीपण तशाच, म्हणून केस जातात, तोंड येतं, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात. ह्यात काहीजण म्हणतात ती पापाची शिक्षा कुठनं आली? जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं तेव्हा प्रभूनं साफ सांगितलं, ह्यानंही पाप केलं नाही आणि ह्याच्या आईबापानंही नाही (योहान ९).

मला त्या काळात एलीया जवळचा वाटला. एवढा मोठा संदेष्टा, ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळाला, झुडपाखाली बसून आता पुरे, माझा जीव घे म्हणाला. देव त्याच्यावर रागावला नाही, उपदेशपण केला नाही. झोपू दिलं, मग दूत पाठवून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो परत झोपला, तर दूत परत आला, उठ, खा, वाट लांबची आहे. किमोचा थकवा झोपून जात नाही, ज्यानं भोगलाय त्याला हा अध्याय वेगळा सांगावा लागत नाही (१ राजे १९).

मला सगळ्याला लोखंडाची चव यायची, स्टीलचा चमचा तोंडात धरवत नव्हता, तर शेजारच्या आक्का, त्या लिंगायत, आमच्या चर्चच्यापण नव्हेत, नाचण्याची आंबील प्लास्टिकच्या चमच्यानं भरवायच्या. बोटांची टोकं बधिर, बायबलचं पातळ पान एकेक सुटायचंच नाही, ब्लाउजचे हुक सून लावायची. आयुष्यभर दुसऱ्याला वाढलेल्या बाईला असं करून घेणं फार जड जातं, प्रभूकडून पाय धुवून घ्यायला त्याचा शिष्य पेत्र नको म्हणाला ते मला तेव्हा कळलं. प्रभू मला त्या आंबिलीत भेटला, हे मी ठामपणे सांगते.

कुणी म्हणेल, ख्रिस्तानं सोसलं की. सोसलं, पण पकडला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं मित्रांना माझ्याबरोबर जागे राहा म्हटलं, आणि क्रूसावरून सांगितलं, मला तहान लागली आहे, आणि दिलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतली. मग आपणच का गप्प बसायचं?

उलटीवर औषधं आहेत, बधिरपणा डॉक्टरला सांगितला तर डोस कमी करता येतो. किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटलात जा. पाळकांना विनंती आहे की रविवारी उपासनेत एवढं सांगा, आणि आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनो, प्रार्थना कराच पण रात्री गाडी काढायची वेळ आली तर कुणाला फोन करायचा ते त्या घरी विचारून या.

एक वाचक, बेळगाव