निनावी कांदे

बडोदे, २० मे

प्रिय मित्रा,

इंदूरच्या वाड्यामागे आळी खणताना घमेलंभर कांदे निघाले म्हणतोस. नाव खात्रीने सांगायला फूलच हवं, पण कूळ आजही ओळखता येईल.

खुरप्याने चिरलेला एखादा असेलच, तो आडवा काप. आत पापुद्र्यांची वर्तुळं दिसली तर लिली नाहीतर गुलछडी. बटाट्यासारखा भरीव गर, चपटा आकार आणि कोरडी जाळीदार साल असेल तर ग्लॅडिओलस. त्याच्या बुडाला सुरकुतलेली दुसरी चकती चिकटलेली असते, ती गेल्या वर्षाची, मोडून टाक. आल्यासारखी आडवी गाठ आणि वासही तसाच, तर सोनटक्का.

चव मात्र चुकूनही घेऊ नकोस. लिलीच्या कांद्यांनी उलट्या होतात आणि हळकुंडासारखा, कोनात वाकलेला कंद निघाला तर ती कळलावी, ती जिवावर बेतते. घमेलं स्वयंपाकघरात नको, तिथे ते भाजीचे कांदे वाटतील.

लिलीतही फरक आहे. संत्र्याएवढा, आखूड मानेचा, पातळ तपकिरी पापुद्र्याचा कांदा म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल भोंगे देणारी लिली. सुपारीएवढा, काळपट, लांब मानेचा, तर पावसाळी लिली. कांदा भलामोठा आणि मान चांगली जाड व लांब असेल तर नागदवण्याचा संशय घे. पान उरलं असेल तर हळूच फाडून बघ. दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताणले जातात. गुलछडी एकटी नसते. एकाच बुडाला पाच-दहा टोकदार कांदे घोसाने चिकटलेले असतात.

आता लावणी. प्रत्येकाचं बूड अंगठ्याने दाबून बघ. मऊ लागलं तर फेकून दे, ती कूज शेजाऱ्यालाही लागते. वाळकी मुळं छाट, जाड पांढरी राहू दे. मग तीन-चार दिवस सावलीत पसरून ठेव, म्हणजे जखमा सुकतील.

खरी अडचण तुमच्या काळ्या मातीची. पावसात ती पाणी सोडत नाही आणि कांदा बुडापासून कुजतो. म्हणून वीतभर उंच वाफा कर: दोन घमेली माती, एक जाड वाळू, एक जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण घातलंस तर मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण.

भोंगेवाली लिली मान आणि वरचा तिसरा हिस्सा उघडा ठेवून ३० सेंमीवर लाव. पूर्ण गाडलीस तर मानेत पाणी साचतं. पावसाळी लिली ५ सेंमी खोल, हाताच्या चार बोटांच्या अंतराने. गुलछडीही तेवढीच खोल, २० सेंमीवर. २ सेंमीहून बारीक कांदे वेगळ्या ओळीत, त्यांना यंदा फूल धरू नकोस. ग्लॅडिओलस आत्ता लावूच नकोस. जाळीच्या पिशवीत घालून हवेशीर जागी टांग, ऑक्टोबरात बघू.

लावल्यावर एकदाच पाणी दे आणि कोंब दिसेपर्यंत झारी उचलू नकोस. रोज पाणी घालून मारलेले कांदे किडीने मेलेल्यांपेक्षा जास्त असतील. पुढे पानांवर काळी, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची अळी येईल. ती हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाक. दोन दिवस उशीर झाला तर नुसते देठ उरतात. पानं पिवळी पडेपर्यंत कापू नकोस, पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्यावरच पोसतं.

पाट्यांवर नावं नको, नुसते आकडे घाल. शाई एका पावसाळ्यात उडते, तेव्हा पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोर आणि तोच आकडा वहीतल्या नकाशात मांड. पहिलं पान वर आलं की बुडाजवळचा फोटो पाठव. तिथे लालसर झाक आणि पान गवतासारखं अरुंद असेल, तर ती गुलछडी समज.

तुझा,
बडोदेकर