एमआयसी किती, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रयोगशाळेत बनवलेल्या नव्या संयुगाने जिवाणू मारले, आता प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर औषध येणार, अशा बातम्या अधूनमधून वाचतो. अशी संयुगे बनवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून एक विनंती. बातमी देण्याआधी संशोधकांना विचारा: एमआयसी किती आली? म्हणजे, जिवाणूंची वाढ रोखायला संयुगाचे कमीत कमी किती प्रमाण लागले?

बहुतेकदा बातमीमागे असते ती अगारची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीची, प्लेट. जिवाणू पसरलेल्या अगारवर संयुगात भिजवलेली कागदी चकती ठेवायची, रात्रभर उबवायची आणि भोवती वाढ न झालेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. हाच 'झोन'. पण संयुग अगारमधून किती सहज पसरते, यावरही तो ठरतो. पाण्यात जेमतेम विरघळणारे गुणी संयुग चकतीपाशीच अडकते, भराभर पसरणारे साधारण संयुग मोठे वर्तुळ दाखवते. दोन वेगळ्या संयुगांचे झोन शेजारी ठेवून सरस-निरस ठरवणे चूकच.

ही चूक मी स्वतः जवळून पाहिली आहे. आम्ही ट्रायाझोलच्या शिफ बेसची (अमाइन आणि अल्डिहाइड जोडून बनणाऱ्या संयुगांची) मालिका केली होती. एकाचा झोन इतका मोठा आला की सगळे हरखून गेलो. त्या दिवशी नुसत्या डीएमएसओची, म्हणजे संयुग ज्यात विरघळवले त्या द्रावकाची, तुलनेसाठीची कंट्रोल प्लेट लावायची राहिली होती. नंतर लावली, तर तिथेही वर्तुळ! जास्त प्रमाणात हा द्रावकच जिवाणूंची वाढ रोखतो. शिवाय शिफ बेस पाण्यात तुटून मूळ अल्डिहाइड मोकळे होऊ शकते. मग परिणाम नक्की कोणाचा? माझ्या विद्यार्थिनीने सगळे काम पुन्हा पहिल्यापासून केले, त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

एमआयसी काढताना संयुगाचे प्रमाण दर खेपेला निम्मे करत जातात. ज्या सर्वांत कमी प्रमाणात वाढ दिसत नाही, तो आकडा. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ई. कोलाय या जिवाणूच्या प्रमाणित जातीला (एटीसीसी २५९२२) मिलिलिटरला ०.०१६ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी प्रमाणात रोखते. नव्या संयुगाला २५० लागत असतील, तर वाचकांना ते कळले पाहिजे. त्याच प्रमाणात माणसाच्या तांबड्या पेशी फुटत असतील, तर तेही.

उलटही घडते. १९३२ मध्ये जर्मन संशोधक गेरहार्ड डोमाक यांनी तपासलेले प्रॉन्टोसिल हे औषध परीक्षानळीत निष्प्रभ होते, पण त्याने उंदीर वाचवले, कारण शरीरात त्यातून जिवाणूंना रोखणारे सल्फानिलामाइड सुटते. त्यामुळे झोन न आलेले संयुगही लगेच बाद करू नये.

फसलेल्या मालिकांविषयीही कधी छापा. कोणते संयुग चालले नाही हे कुठेच न आल्याने तेच रेणू दुसरीकडे कोणीतरी पुन्हा बनवत बसते, आणि त्यात एखाद्या विद्यार्थ्याची दोन वर्षे जातात.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक