दिनदर्शिकेतून वगळलेले दहा दिवस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांच्या नात्याची चर्चा निघाली की गॅलिलिओवरचा १६३३ सालचा खटला पुढे केला जातो आणि विषय तिथेच संपतो. त्या खटल्यात अन्याय झाला, यात शंका नाही. मात्र त्यानंतर अवघ्या २२ वर्षांनी, पोपच्याच सत्तेखालील बोलोन्या शहरात, सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीवर खगोलशास्त्रज्ञ कासिनी याने सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आखली, हे फारसे कोणी सांगत नाही. छतातील छिद्रातून आलेला सूर्याचा कवडसा भर दुपारी ती रेषा ओलांडतो, उन्हाळ्यात छिद्राच्या जवळ आणि हिवाळ्यात बराच दूर. या कवडशावरून संपाताचा, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा, क्षण आणि वर्षाची लांबी काढता येते, आणि वसंतसंपातावरून मोजला जाणारा ईस्टरचा दिवस ठरवण्यासाठी चर्चला नेमके तेच हवे होते.

या हिशेबाचा इतिहास त्याहून जुना आहे. युरोपात तेव्हा चालणाऱ्या ज्युलियन दिनदर्शिकेचे वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्यामुळे वसंतसंपात सोळाव्या शतकापर्यंत २१ मार्चवरून ११ मार्चच्या आसपास सरकला होता. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आणला. पोपला न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट ब्रिटनने मात्र ही सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली आणि ऑर्थोडॉक्स पंथाच्या रशियाने तर १९१८ मध्ये. वास्तविक सूर्य सर्वांचा एकच होता आणि बहुतेकांचा देवही. अडले ते एवढ्यावरच, की हिशेब सांगणारा आपल्यातला नव्हता. ज्याला आपण विज्ञान आणि श्रद्धा यांचे भांडण म्हणतो, ते पुष्कळदा असे समाजाच्या अस्मितेचे भांडण असते.

विज्ञानाची प्रतिष्ठा वाढली, की तोच समाज श्रद्धेवर विज्ञानाचा शिक्का मागू लागतो. विश्वाला आरंभ आहे हा सिद्धांत म्हणजे ईश्वरी निर्मितीला मिळालेला दुजोरा, अशा आशयाची मांडणी पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये केली, तेव्हा ती रुचली नाही ती खुद्द त्या सिद्धांताचे जनक जॉर्ज लमेत्र यांना, जे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. प्रत्येक नवा शोध आपल्या धर्मग्रंथात आधीपासूनच होता असे सांगणाऱ्यांपेक्षा मला लमेत्रच अधिक श्रद्धावान वाटतात, कारण त्यांचे गणित उद्या चुकीचे ठरले असते तरी त्यांची प्रार्थना थांबण्याचे काही कारण नव्हते.

आपला,
एक वाचक