ते कातडं माझंच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात शहापूर भागातल्या एका वाचकाने तक्रार केली आहे. एका टॅटूच्या दुकानात मागच्या खोलीत डुकराचं कातडं टांगलेलं दिसलं, वास मारत होता, हा काय अघोरी प्रकार आहे याची चौकशी व्हावी, असं त्यांचं म्हणणं. चौकशी कशाला, ते कातडं माझंच. टांगलेलं नव्हतं, फळीवर ठोकलेलं होतं. वासाचं मात्र खरं आहे. त्या दिवशी सकाळपासून करंट नव्हता, फ्रीज बंद पडला आणि मी लग्नाला नंदगडला गेलेलो. शेजाऱ्यांची माफी मागून झाली, इथेही मागतो.

पण कातडं कशाला आणतो हे सांगितलं पाहिजे. कारण त्या गृहस्थांच्या घरातलं कोणी ना कोणी उद्या कुठल्यातरी टॅटूवाल्यापुढे बाही वर करून बसणारच आहे.

मी मूळचा बोर्ड पेंटर. अनगोळपासून खडेबाजारापर्यंत किराणा दुकानं, सायकल मार्ट, तरुण मंडळं, पतसंस्था, सगळ्यांच्या पाट्या रंगवल्या. मराठी रंगवल्या, कन्नडही रंगवल्या. कुठली वर आणि कुठली खाली यावर बेळगावात किती भांडणं झाली ते आपल्याला मी काय सांगावं. माझा ब्रश दोन्हीकडे चालला. मग फ्लेक्स आला. एका पावसाळ्यात लक्षात आलं की दोन महिने रंगाच्या डब्याचं झाकण उघडलेलंच नाही. तेव्हा पुण्याला एकाकडे बसून टॅटूचं मशीन बघितलं आणि एक जुनं कॉइलवालं विकत घेऊन आलो. त्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. करंट दिला की लोखंडी पट्टी खाली ओढली जाते, संपर्क तुटतो, पट्टी वर येते, पुन्हा ओढली जाते, आणि सुई टकाटका खालीवर होते. दाराच्या जुन्या घंटीचंच तंत्र. गंमत म्हणजे याचं मूळ एडिसनच्या विजेच्या पेनात आहे. कागदाला भोकं पाडून नकला काढायचं ते यंत्र होतं. त्यावरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने 1891 साली गोंदायच्या मशीनचं पेटंट घेतलं.

वीस वर्षं ब्रश धरलेला माणूस, मला कोण शिकवणार, ही माझी मस्ती. तिसऱ्याच दिवशी मावसभावाच्या दंडावर 'आई' काढलं. दोनच अक्षरं. काढताना झकास दिसलं. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा वरची रेघ ओल्या टीपकागदावर शाई पडावी तशी दोन्ही बाजूंनी निळसर पसरली होती. सुई खोल गेली होती. शाई कातडीच्या मधल्या थरात राहायला हवी, ती खाली चरबीत उतरली की धरून राहत नाही, पसरते. भाऊ काही बोलला नाही. तो आजही पूर्ण बाहीचा शर्ट घालतो, मे महिन्यातसुद्धा.

त्यानंतर डुकराचं कातडं आणलं. आमची आई माळकरी. पिशवी उघडून बघितली आणि म्हणाली, "हे काय आणलास रे घरात? मी भजनाला जातो, येईपर्यंत हे बाहेर गेलं पाहिजे." गेलं. सहा महिने मी वडगावच्या शेतातल्या मोटरीच्या खोलीत बसून रेघा मारल्या.

डुकराचंच का, तर माणसाच्या कातडीच्या सगळ्यात जवळचं स्वस्तात मिळणारं तेच. वर पातळ थर, खाली जाड थर, त्याखाली चरबी, रचना तीच. थोडं जाड आणि चिवट असतं एवढाच फरक. मांसवाल्याला सांगावं लागतं की पोटाकडचा तुकडा दे, खाली बोटभर चरबी ठेव, आणि केस काढायला जाळावर भाजू नकोस. भाजलेलं कातडं चामड्यासारखं कडक होतं, त्यावर काही शिकता येत नाही. घरी आणून साबणाने धुवायचं, उरलेले केस वस्तऱ्याने काढायचे, मग स्पिरिटने पुसून अगदी कोरडं करायचं. तेलकट राहिलं की स्टेन्सिल, म्हणजे कागदावरून कातडीवर उमटवायचा नक्षीचा ठसा, उठतच नाही. हातमोजे घालूनच. कच्चं मांसच ते.

आता नवशिक्या पोरांची पहिली चूक. कातडं फळीवर चारी बाजूंनी खिळे मारून ताणून बसवतात. छान सपाट होतं, रेघही छान येते, आणि डावा हात काहीच शिकत नाही. माणसाच्या दंडाला खिळे मारणार आहात का? टॅटूत अर्धं काम डाव्या हाताचं. अंगठा आणि बोटांनी कातडी ताणून धरायची, ती ढिली पडली की सुई उड्या मारते. म्हणून मी वरच्या बाजूला दोनच खिळे मारतो. महिन्याभराने तेही काढतो आणि तुकडा पाण्याच्या पाइपावर गुंडाळून देतो, हातासारखा गोल.

दुसरी गोष्ट सुईची. पोरांना बारीक रेघ आवडते म्हणून तीन सुयांच्या लायनरने, म्हणजे रेघ मारायच्या सुयांच्या जुडीने, सुरुवात करतात. बारीक सुई ब्लेडसारखी कापत जाते आणि हाताचा प्रत्येक कंप दाखवते. सात सुयांचा घ्या, तो चूक थोडी पोटात घेतो. माझ्या कॉइलला रेघेसाठी साडेसात-आठ व्होल्ट पुरतात. पण आकडा पाठ करून भागत नाही, मशीन आणि हात एका चालीत यावे लागतात. मशीन जोरात आणि हात संथ असला तर कातडी चिरडते. मशीन संथ आणि हात घाईत असला तर रेघ न होता टिंबं पडतात. भजनात टाळ आणि मृदंग सुटे पडले की कसं होतं, तसं. आणि मनगटाने रेघ ओढू नये, कोपरापासून ओढावी. पाट्या रंगवताना आम्ही हाताखाली काठी धरायचो ती याचसाठी.

खोली दीड ते दोन मिलिमीटर. हे कुठल्याही व्हिडिओत सांगतात. पण आपण किती खोल गेलो ते कळणार कसं? जिवंत माणसावर ते पंधरा दिवसांनी कळतं, माझ्या भावासारखं. कातड्यावर लगेच कळतं. रेघ मारून झाली की नवं ब्लेड घ्यायचं आणि रेघेला आडवं कापून कड उजेडात धरायची. पांढरट थराच्या मधोमध शाईचा काळा ठिपका दिसला तर बरोबर. नुसता वरच दिसला तर खपली पडताना निघून जाईल. खाली चरबीत उतरलेला दिसला तर पसरणार. माझ्या पहिल्या तुकड्याची कड बघितली तेव्हा चाळीस रेघांपैकी तीस चरबीत होत्या. भावाच्या दंडाचं उत्तर मला तिथे मिळालं.

एक खास आपल्याकडची अडचण. बोर्ड पेंटर आधी शिरोरेषा मारतो आणि तिला अक्षरं टांगतो. टॅटूत उलटं. दर दोन मिनिटांनी शाई पुसावी लागते, वरून सुरुवात केली तर खालचं स्टेन्सिल पुसून जातं. म्हणून खालून वर, उजव्या हाताचा असेल तर उजवीकडून. शिरोरेषा सगळ्यात शेवटी आणि लांब नाव असेल तर एका दमात होत नाही, तुकडे जोडावे लागतात. सांधा दिसू नये म्हणून सुई चालत्या हातानेच टेकवायची आणि चालत्या हातानेच उचलायची, विमानासारखी. थांबून टेकवली की तिथे गाठ. कन्नड अक्षरांना अशी सलग रेघ नाही, पण सगळी गोलाई. म्हणून माझ्याकडे शिकणारा सकाळी कन्नड गिरवतो आणि दुपारी मराठी. यावर कुणी मोर्चा काढू नये.

शेडिंग कातड्यावर शिकता येतं पण मेलेल्या कातड्याला ना रक्त ना सूज, त्यामुळे खरा अंदाज येत नाही. ज्यांना धर्मामुळे किंवा घरच्यांमुळे डुक्कर चालत नाही त्यांच्यासाठी रबरासारखं नकली कातडं मिळतं. कापून बघायची सोय त्यात तेवढी नाही, पण हात बसतो.

आता ज्याची खरोखर तक्रार व्हायला हवी ते. जत्रेत एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने दहा जणांना गोंदणारे अजून बसतात. त्यात आता ऑनलाइन किट मागवून रविवारी मित्रांच्या हातावर सुरू होणारी पोरं आहेत. सुई एका माणसाला एकदाच, नंतर झाकणाच्या जाड डब्यात. कातड्यावर वापरलेली सुई, शाईची टोपणं, वॅसलीन, काहीही माणसाकडे येता कामा नये. माझ्याकडे सरावाचं मशीनच वेगळं आहे. हिपॅटायटिस बी ही कावीळ वापरलेल्या सुईतून पसरते, तिच्या लसीचे तीन डोस मी शिकाऊ पोराला आधी घ्यायला लावले. गोंदून घेतलं की वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे शिवजयंतीच्या शिबिरात जाऊन परत आलेल्या पोरांना तिथे कळतं. आणि भरतीची तयारी करणारे येतात त्यांना मी हाकलूनच देतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याच गावात, पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आपण रोज बघतो. सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागे एवढंच गोंदण चालतं. छातीवर राजे काढून घेऊन मैदानात गेलेला पोरगा मेडिकलला बाहेर पडला तर ते पाप कुणाच्या माथी?

तक्रारदार गृहस्थांसाठी एवढंच. फ्रीज आता इन्व्हर्टरवर टाकला आहे, खिडकीला पडदा लावला आहे आणि कातडं फक्त सोमवारी बाहेर निघतं. त्या सोमवारी यावं, चहा घ्यावा, ब्लेडने कड कापून दाखवतो. सध्या शिकतोय तो येळ्ळूरचा पोरगा आहे. पाच महिने झाले, त्याची आई विचारते दुकान कधी टाकणार. परवा त्याच्या वीस रेघा कापून बघितल्या, चार अजून चरबीत आहेत.

आपला,
एक जुना बोर्ड पेंटर, शहापूर, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)