ओपा, तुम्ही अण्णांना विचारलंत

प्रिय ओपा,

सप्रेम नमस्कार. इंग्रजी कार्ड तुमच्या दारात टाकलंच आहे, पण त्यात चार औपचारिक ओळींपलीकडे काही उतरलं नाही. मनातलं लिहायचं तर मराठीतच लिहिता येतं, आणि ते सगळ्यांसमोर लिहावंसं वाटतंय. डच घरांत आजोबांना ओपा म्हणतात, म्हणून आमच्या गल्लीतली पोरं तुम्हाला ओपा म्हणतात. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या आमच्या मराठी मंडळींनाही कळू दे, हे ओपा कोण ते.

आधी राग बाहेर काढते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि घरी आणलं तेव्हा झोपायची खोली वर, मोरी वर, जिन्याला कठडा नाही. आपल्याच लोकांकडून नंबर मिळालेला एक कॉन्ट्रॅक्टर आला. मोजमाप घेतलं, ‘काका मला वडिलांसारखे’ म्हणाला, ॲडव्हान्स घेतला आणि गडप झाला. दुसऱ्याने कठडा बसवला खरा, पण भिंतीच्या नुसत्या जिप्सम बोर्डात स्क्रू पिळून, आणि तोही चढताना उजव्या हाताला. अण्णांनी जेमतेम भार टाकला तर कठडा स्क्रूंसकट उपटून आला. मी खालच्याच पायरीवर होते म्हणून निभावलं. फोन केला तर म्हणे, जास्त जोर लावला असेल. लुळ्या हाताने जोर!

पण खरी चीड त्याची नाही. हे सगळे, अगदी दवाखान्यात घरी सोडताना सूचना देणारेसुद्धा, बोलत होते माझ्याशी. ‘यांना एवढं जमेल का? हे रात्री उठतात का?’ एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस. त्याच्या देखत त्याच्याबद्दल असं बोलायचं, जणू तो कोपऱ्यात उतरवून ठेवलेलं सामान आहे. अण्णांनी हळूहळू बोलणंच कमी केलं होतं.

कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी तो मोडका कठडा मी फुटपाथच्या कडेला ठेवला. तुम्ही जाता जाता थांबलात, वाकून स्क्रू पाहिलेत आणि आमची बेल वाजवलीत. आत येऊन बूट काढलेत, मला मान डोलावून नमस्कार केलात आणि स्टूल ओढून थेट अण्णांच्या समोर बसलात. विचारलंत, ‘कुठला हात चांगला आहे?’

अण्णांनी डावा हात पुढे केला. तुम्ही तो आपल्या हातात घेतलात, मूठ आवळायला लावलीत. मग दुसरा प्रश्न, ‘भीती चढताना वाटते की उतरताना?’ अण्णांनी जिन्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘डाऊन.’ कितीतरी दिवसांनी त्यांनी एखाद्या परक्या माणसाला स्वतःहून उत्तर दिलं होतं. आणि तेवढ्यावरून तुम्हाला कळलं की एका कठड्याने भागणार नाही. चढताना जो डावा हात या भिंतीकडे असतो, तो उतरताना समोरच्या भिंतीकडे येतो. म्हणून दोन्ही बाजूंना कठडे हवेत. किती साधी गोष्ट! पण ती कळायला आधी त्या माणसाला विचारावं लागतं.

पुढच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, पाहुण्यांना जिना दाखवते त्यात सगळं आलं. एक मात्र सांगते. भिंतीच्या आतले उभे लाकडी स्टड सोळा सोळा इंचांवर असतात, ते शोधायला तुमच्याकडे यंत्र नव्हतं. बोटाच्या पेराने ठकठक करत तुम्ही पुढे सरकत होतात. अण्णा खुर्चीत कान देऊन ऐकत होते. एका ठिकाणी तुमच्या आधी तेच म्हणाले, ‘हिअर!’ तुम्ही तिथे पेन्सिलीची खूण केलीत, नातवाला ड्रिल लावायला सांगितलंत, आणि बरोब्बर लाकूड लागलं. त्यानंतर प्रत्येक खुणेला तुम्ही अण्णांकडे वळून बघायचात. ओकची पट्टी रंध्याने थोडी थोडी उतरवायची, काचकागद फिरवायचा आणि अण्णांच्या मुठीत देऊन बघायची. त्यांनी मान हलवेपर्यंत तुम्ही रंधा खाली ठेवला नाहीत.

त्या दिवशी पोहे केले होते. तुम्ही टोपी काढून, डोळे मिटून प्रार्थना केलीत. डोळे उघडलेत तर अण्णा थरथरत्या उजव्या हाताने ताटाभोवती पाणी फिरवत होते, आणि आता ते काम वेळ खातं. तुम्ही चमचा उचलला नाहीत. त्यांचं होईपर्यंत थांबलात आणि मग दोघांनी बरोबर सुरुवात केलीत. खाऊन झाल्यावर तुमची पुन्हा प्रार्थना, तेव्हा अण्णा थांबले.

तुमची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बरीचशी तुमच्या नातवाकडून. हेगमधलं लहानपण, १९४४-४५चा उपासमारीचा हिवाळा. जर्मनांनी रसद तोडलेली, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते, वीसेक हजार माणसं गेली. तुम्हाला उत्तरेला फ्रिसलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी पाठवलं आणि त्या परक्या घराने तुम्हाला जगवलं. मे १९४५ मध्ये कॅनडाच्या फौजांनी हॉलंड मोकळं केलं. पुढे आठ वर्षांनी तुमचं कुटुंब बोटीने हॅलिफॅक्सच्या पिअर २१ धक्क्यावर उतरलं. त्या काळी देशाबाहेर पैसा फारसा नेऊ देत नसत, म्हणून लोक सगळा संसारच प्रचंड लाकडी पेटाऱ्यात भरून आणत. तुमच्या वडिलांनी त्या पेटाऱ्याच्या फळ्यांचं कपाट केलं. ते अजून तुमच्या गॅरेजमध्ये आहे, आणि आतल्या बाजूला रंगवलेलं तुमचं आडनाव वाचता येतं. शेजारीच कॉफीच्या डब्यात सरळ केलेले जुने खिळे. (खिळा फेकून द्यायचा नाही, ही बायबलातल्या दहा आज्ञांनंतरची तुमच्या घरची अकरावी आज्ञा दिसते.)

इथे तुमच्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चची माणसं स्टेशनवर न्यायला आली होती, म्हणालात. त्यांनीच खोली बघून दिली, वडिलांना काम मिळवून दिलं. मग तुम्ही जन्मभर चर्चचे बाक आणि शाळेची दारं दुरुस्त करत राहिलात, आणि रविवारी हत्याराला हात लावला नाहीत. आमचं काम अर्धं असताना रविवार आला, तेव्हा दोन उपासनांच्या मधल्या वेळात तुम्ही रिकाम्या हाताने आलात, अण्णांना धरून वर नेलंत आणि परत गेलात.

रोज साडेचारला काम थांबवून तुम्ही ओमांना, म्हणजे तुमच्या पत्नीला, भरवायला जायचात. कितीही अर्धवट असलं तरी साडेचार म्हणजे साडेचार. त्यांना झटका आला तेव्हा तुम्ही आपल्या हिशेबाने कठडा बसवलात, आणि त्या बिचाऱ्या कुरकुर न करता उलट्या हाताने चढत राहिल्या. ‘मी तिला विचारलंच नाही,’ एवढंच म्हणून तुम्ही पुन्हा रंध्याकडे वळलात.

आमच्याकडे कुणाला गरज लागली की लगेच दहा नंबर येतात, सल्ले येतात, कोण स्वस्तात करतं याची चर्चा होते. हेतू चांगलाच असतो. पण घरी येऊन, स्टूल ओढून आजारी माणसासमोर बसणारे किती? त्यासाठी ना धर्म एक लागतो ना भाषा, हे तुम्हाला आणि अण्णांना शेजारी बसलेलं बघून मला दिसलं.

पैशांवरून आपला वाद झाला. तुम्ही फाटक्या कागदावर फक्त लाकूड आणि स्क्रूंचा हिशेब लिहून दिलात. मजुरीचं विचारलं तर म्हणालात, अण्णांनी निम्मं काम केलंय. मी हरले.

आता अण्णांचा निरोप. तुमच्या गॅरेजच्या दाराशी दोन उंच पायऱ्या आहेत आणि तिथे धरायला काही नाही, हे त्यांनी हेरलंय. शनिवारी ते स्वतः येणार आहेत, भिंत ठोकून बघायला. तुमचा कुठला हात चांगला आहे, ते सांगायची तयारी ठेवा.

तुमची शेजारीण