धाकट्याला धाकट्यासारखं वाढू दे

साखर पेठ, सोलापूर

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर पोरांचा दंगा चालला होता, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तू म्हणालीस, "आप्पा, मोठा क्रिकेटच्या क्लासला उड्या मारत जातो आणि हा मैदानाच्या कडेला मुंग्या बघत बसतो. जुळी आहेत, मग इतका फरक कसा?"

अगं, अगदी हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांच्यासुद्धा बोटांचे ठसे वेगळे असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भाच्या बोटांवर रेषा उमटायला लागतात. तेव्हा कोण कुठल्या कुशीवर होता, कुठल्या बोटावर किती दाब आला, यानंसुद्धा त्या बदलतात. एकाच पोटात वाढताना, जगाचा वारा लागायच्या आधीच दोघांना आपापली खूण मिळालेली असते. डॉक्टर त्याचं कारण सांगतात ते खरं आहे. मला त्यात देवाची इच्छा दिसते, तेही मला तितकंच खरं वाटतं.

माझी सगळी नोकरी चादरीच्या कारखान्यात, डिझाइन खात्यात गेली. जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणायचा माग, तू लहानपणी पाहिलायस. पुठ्ठ्याच्या कार्डाला जिथं भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. कार्डांची माळ एकदा जोडली की तोच मोर आणि तीच वेल शेकडो चादरींवर उतरते. एखादी वेगळी निघाली तर ती डागी म्हणून बाजूला काढायची. कारखान्यात ते बरोबरच आहे, गिऱ्हाईकाला जोडी लागते. देव मात्र एका माळेवर एकच नग विणतो आणि ती माळ पुन्हा लावत नाही. म्हणून धाकट्याला मोठ्याच्या शेजारी अंथरून कुठं फरक आहे ते शोधू नकोस. तो पहिल्याची नक्कल म्हणून विणलेलाच नाही.

आवडीनिवडीचंही तसंच. 1931 साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पांढरी भुकटी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, तोंड कडू झालं. फॉक्सला काहीच लागलं नाही. दोघांनी चाखून पाहिली, तरी तेच. मग इतरांना देऊन पाहिली, तर कुणाला कडूजहर, कुणाला बेचव. पुढं कळलं, हा फरक जन्मतःच जिभेत असतो. म्हणजे एका ताटात जेवणारी दोन माणसंसुद्धा एकच चव खात नसतात! जावईबापू कोथिंबीर वेचून बाजूला ठेवतात तेव्हा तू चिडतेस. नको चिडूस. काहींना ती खरोखरच साबणासारखी लागते.

आमच्या खात्यात तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू अशा चारही बोली ऐकू यायच्या. दुपारी डबे उघडले की एकाचा चिंचेचा भात, दुसऱ्याची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. "हे काय खातोस?" असं कुणी कुणाला विचारत नसे. एकमेकांच्या डब्यातलं घास-घास घ्यायचे. मला वाटतं, सोलापूरनं मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं अरण आठव. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण सावता महाराजांना भेटायला विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. महाराज मळा सोडून कधी पंढरीला गेले नाहीत, असं सांगतात. त्यांचं मन वाफ्यात आणि पाटाच्या पाण्यात होतं, तिथंच त्यांची भक्ती होती. "वारीला का आला नाहीस?" असं देवानं विचारलं नाही, तो स्वतः मळ्यात गेला. धाकटा मुंग्यांपाशी बसला असेल तर तूही घडीभर तिथं जाऊन बस. मुंगी वाट कशी धरते, दाणा कुठं नेते, ते त्याला सांगू दे.

याचा अर्थ सगळंच चालवून घ्यायचं असा नाही. खोटं बोलणं, भावाला मारणं, ताटात अन्न टाकणं, याला आवड म्हणत नाहीत. तिथं दोघांना एकच नियम लाव आणि कडक लाव. पण खेळ कुठला, रंग कुठला, गाणं कुठलं, यात त्यांना मोकळं सोड. धाकट्याचा क्रिकेटचा क्लास या महिन्यापासून बंद कर. फी भरलीय म्हणून ओढत नेऊ नकोस, त्या पैशांचं मी बघतो. आणि दोघांना एकसारखे शर्ट घालायचं आता थांबव. फोटो छान येतो हे कबूल, पण त्यामुळं येणारा-जाणारा लगेच तुलना करायला लागतो आणि ते पोराच्या कानावर पडतं.

पार्सलनं दोन चादरी पाठवतोय, एक मोराची, एक चौकड्याची. तुझ्या आईनं शेंगाचटणीही दिलीय, तिखट बेतानं घातलंय. चादरी तू वाटून देऊ नकोस, त्यांनाच निवडू दे. दोघांनी एकच मागितली तर फोन कर, तसलीच आणखी एक पाठवतो.

तुझे,
आप्पा