हिवाळी स्की सहलीच्या पूर्वतयारीबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, स्की सहलीसाठी ज्यांनी नावे दिली आहेत त्यांनी आपली उंची, वजन, तळपायाची सेंटिमीटरमधील लांबी आणि स्कीइंगचा पूर्वानुभव हा तपशील या आठवडाअखेरपर्यंत समन्वयकांकडे लेखी द्यावा. तोल जाऊन पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराने सुटावा, हे बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला जखडून ठेवणाऱ्या पकडीत) प्रामुख्याने याच माहितीवरून ठरवले जाते. त्यामुळे संकोचापोटी वजन कमी सांगणे किंवा अनुभव फुगवून सांगणे थेट गुडघ्याला महागात पडू शकते.

बुटात दोन-दोन मोजे घालू नयेत. पोटरीपर्यंत येणारा एकच पातळ लोकरी मोजा पुरतो. दुसऱ्या मोज्याची वळी नडगीवर दाबली गेली की तासाभरातच बूट काढून बसण्याची वेळ येते, आणि ऊब तर त्याने वाढत नाहीच.

ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो, म्हणून ढगाळ हवेतही गॉगल वापरावा आणि सनस्क्रीन हनुवटीखाली व नाकपुड्यांच्या कडांनाही लावावे. मुक्काम २,५०० मीटरपेक्षा उंचावर असल्यास पहिला दिवस विश्रांतीसाठी मोकळा ठेवला जाईल.

साध्या प्रवास विम्यात स्कीइंगचा समावेश बहुधा नसतो, आणि असला तरी आखीव उतारांबाहेरचे स्कीइंग अनेकदा वगळलेले असते. ते कलम स्वतः वाचूनच विमा घ्यावा. प्रथमच येणाऱ्यांनी प्रशिक्षणवर्गाची नोंदणी खोलीच्या आरक्षणासोबतच करावी.

– सहल समिती